वासूनाना विकला गेला नव्हता

वासूनाना विकला गेला, असं मी लिहिलं, छापून आणलं आणि वाडीत घरोघर वाटलं. त्या पत्रकात वासूनानाचं नाव तेवढं खरं होतं, बाकी सगळं खोटं. ते खोटं आहे हे मला तेव्हा माहीत नव्हतं, अशी सबब मी बरेच दिवस स्वतःला सांगून पाहिली. ती चालत नाही. माहीत नव्हतं तर लिहायचं नव्हतं.

आमची वाडी आरे-वाऱ्याच्या रस्त्याखाली आहे. वर वळणावर गाड्या थांबतात, लोक समुद्राचे फोटो काढतात आणि पुढे जातात. त्या फोटोंत आमची घरं येत नाहीत. आम्ही रापणीवर जगणारी माणसं. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं. होडी एक दोर किनाऱ्यावर ठेवून निघते, जाळं सोडत सोडत पाण्यात अर्धगोल काढते आणि लांब दुसऱ्या टोकाला परत लागते. मग दोन्ही टोकांना अर्धी अर्धी वाडी दोराला लागते आणि ओढते. जो दोराला हात लावेल त्याला मासळीत वाटा. म्हातारी असो, पाहुणा असो, शाळा बुडवलेलं पोर असो.

पण होडीतल्या माणसाला मासा दिसत नाही. तो पाण्याच्या फार जवळ असतो. मासा दिसतो खडकावर उभ्या असलेल्या माणसाला. पाण्याचा एक पट्टा काळपट होतो, पक्षी खाली येऊ लागतात, पाणी बारीक उकळल्यासारखं दिसतं. खडकावरचा माणूस हातातला पंचा हलवतो आणि पंचा फिरेल तिकडे होडी वळते. थवा मधेच वळला तर पंचाही मधेच वळायला हवा. हे काम वाडीत एकच माणूस करायचा, मी जन्मायच्या आधीपासून. तो वासूनाना.

उंचीनं बेताचा, खाकी अर्धी पँट, अंगात धुऊन विरलेला बनियन. बैठकीत कधी पुढे बसला नाही. दाराच्या खांबाला टेकून बसायचा, तिथून सगळ्यांची तोंडं दिसतात म्हणून. कोणी काही विचारलं की लगेच उत्तर नाही. आधी नजर सगळ्यांवरून एकदा फिरणार, मग तोंड उघडणार. आणि बोलता बोलता कोणाच्या चेहऱ्यावर काही हललं तर वाक्य तिथेच मोडून दुसरीकडे नेणार. मला शिकवायचा, "बाय, आधी बग. मग बोल. बोलताना परत बग."

त्याच्यात आणखी एक गोष्ट होती, ती मी दुसऱ्या पुरुषात पाहिली नाही. खडकावर उभा राहून तो शंभर माणसांसमोर ओरडायचा, "माझा चुकला रे, उलटा फिरवा." आमच्याकडे माणसं बुडतील, पण हे वाक्य बोलणार नाहीत.

नवरा गेल्यावर पहिल्यांदा किनाऱ्यावर आलेली एक बाई मला आठवते. ती वाळूत लांब उभी होती. दोराला हात लावावा की नाही, ते तिला कळत नव्हतं, आणि तिला बोलवावं की नाही, ते आम्हाला. दोर माणसांनी गच्च भरलेला होता. नाना खडकावरून खाली आला, दोन धडधाकट पोरांना बाजूला केलं आणि वैतागल्यासारखा म्हणाला, "हितं हात कमी पडतायत आणि तू उभी काय ऱ्हायलीस गो? धर." ती आली. त्या दिवशी हात कमी पडत नव्हते, हे तिलाही दिसत होतं.

मी कॉलेज संपवून परत आले तेव्हा लाइटवाल्या बोटी किनाऱ्याच्या अगदी जवळ येऊ लागल्या होत्या. रात्रभर पाण्यात दिवे सोडायचे, मासा गोळा करायचा, लहान-मोठं सगळं उचलून न्यायचं. आमच्या रापणीत सकाळी शेवाळ. ह्याविरुद्ध बोलायला माणसं जमवायची, कागद काढायचे, हे काम मी अंगावर घेतलं. मला लिहिता येत होतं आणि राग होता. बाकी सगळं नानाकडे होतं.

मासळी खात्याच्या कचेरीवर पहिला मोर्चा नेला. घोषणा मी लिहिलेल्या, साहेबाच्या नावाचं यमक जुळवून. आम्ही आत घुसलो, पोरांनी आवाज चढवला. साहेब उठून उभा राहिला आणि नानानं हात वर केला. घोषणा थांबल्या. मला कळेना काय झालं. साहेबाच्या डोक्यावर टोपी होती, टोपीखाली नुकतंच केलेलं मुंडण.

"साहेब, कोण गेलं?" नाना म्हणाला.

"आई. परवा तेरावं झालं."

नाना खाली फरशीवर बसला. मग सगळेच बसले. आई कुठली, किती वर्षांची, शेवटी कोण जवळ होतं, अशा गोष्टी झाल्या. उठताना नानानं निवेदन टेबलावर ठेवलं आणि म्हणाला, "सवडीनं वाचा."

परतताना मी त्याला धुतला. "नाना, मोर्चा होता तो. दुखवट्याला नव्हतो गेलो."

"व्हय. पण न्यायचा कुणावर? तो माणूस आज हाफिसात नव्हताच गो."

चार दिवसांनी साहेब आपणहून वाडीत आला आणि वाळूत उभा राहून रिकामं जाळं बघून गेला. मी नानाला काही बोलले नाही. त्यानंही मला काही ऐकवलं नाही. दुसऱ्यानं ऐकवलं असतं.

पत्रक छापायच्या आधी मी त्याला वाचून दाखवायची. त्याला वाचता फारसं येत नव्हतं. तो डोळे मिटून ऐकायचा आणि मधेच बोट वर करायचा. "हितं शिवराम उठून गेला." म्हणजे ह्या वाक्याला वाडीतला शिवराम बैठकीतून उठून जाईल. मी पुढे वाचायची. "हितं तुझी आय पण उठून गेली."

"मग उरलं कोण, नाना?"

"तू आणि तुझा कागद."

माझी निम्मी वाक्यं अशी मेली. उरलेल्यांना माणसं थांबायची. एक अट त्यानं पहिल्या दिवशी घातली होती, आपल्या वाडीतल्या कोणाचं नाव छापायचं नाही. "माणूस उद्या सुधरेल," तो म्हणाला, "कागद सुधरत नाय."

बदल कधी सुरू झाला ते नेमकं कोणालाच सांगता येत नाही. सुमनकाकी, म्हणजे नानाची बायको, म्हणते दोन वर्षं आधी. मी म्हणते वर्ष. एका साखरपुड्यात नाना मुलाकडच्यांना हसत हसत म्हणाला, "हिला आधी दोघांनी नाकारलीय." मुलीचा बाप पांढरा पडला. एका मयताला, चितेला अग्नी द्यायच्या आत, मोठ्यानं म्हणाला, "भूक लागली, घरी कधी जायचा?" दुकानात शिरून बरणीतली बिस्किटं काढून तिथेच उभ्यानं खायचा आणि निघून यायचा. हाक मारली तर वळून बघायचा, पण बघण्यात काही नसायचं.

वाडीनं निदान केलं, नाना प्यायला लागला. सुमनकाकी रोज त्याचं तोंड हुंगायची. वास यायचा नाही. तिनं हे कोणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मग काय आहे, हा प्रश्न आला असता.

मग ती सकाळ आली. बांगड्याचा मोठा थवा आला होता, कित्येक आठवड्यांनी. थवा सुरूच्या बनाच्या बाजूला होता. नानाचा पंचा तिकडे फिरला, होडी तिकडे गेली. आणि मग मासा वळला. आम्हालासुद्धा खालून कळलं, कारण पक्षी सगळे खाडीच्या बाजूला सरकले. खडकावरून नानाचा आवाज आला, "खाडीकडं वळला रे, खाडीकडं." आणि पंचा सुरूकडे फिरत होता.

होडीतल्यांनी मान वर करून बघितलं. आवाज खाडीकडे, हात सुरूकडे. समुद्रात वाऱ्यानं आवाज पोचत नाही म्हणून तर पंचा असतो. होडी पंच्यामागे गेली. भिकू, खडकाखाली उभा असलेला नानाचा पुतण्या, ओरडला, "नाना, हात फिरव, हात." नाना म्हणाला, "फिरवतोय ना. खाडीकडं." आणि हात तसाच, सुरूकडे, पुन्हा, पुन्हा.

जाळं ओढलं. शेवाळ आणि जेलीफिश. शंभर माणसं वाळूत बसली आणि खडकाकडे बघत राहिली. नाना खाली आला, जाळ्यात डोकावला आणि म्हणाला, "कायच नाय," आणि चहाला घरी गेला. माझा चुकला, असं म्हणाला नाही. तेवढंच म्हणाला असता, तर पुढचं कदाचित झालं नसतं.

त्या संध्याकाळी पहिल्यांदा कोणीतरी बोललं की, हे ह्यानं मुद्दाम केलान. लाइटवाल्यांशी ह्याचं काहीतरी आहे.

मी विश्वास ठेवला नाही, हे लिहायला मला आवडलं असतं. मी अर्धा ठेवला. उरलेला अर्धा मासळी खात्याच्या बैठकीत ठेवला. तिथे आम्ही होतो, साहेब होता आणि बोटींचा एक मालक होता. बैठक मध्यावर आलेली असताना नाना आमच्या बाकावरून उठला, मालकाच्या शेजारी जाऊन बसला, त्याच्या बशीतलं बिस्किट उचललं आणि जुन्या मित्राशी बोलावं तसं म्हणाला, "ह्यांनी तुझ्या बोटीचे फोटो काढल्यात हां. बुधवारी सकाळी होड्या आडव्या घालणार हायत. ही पोरगीच पुढं."

मालक हसला. साहेबानं कागद आवरले. आमची माणसं बाकावर दगडासारखी बसली होती. मी नानाचा दंड धरून त्याला बाहेर आणलं आणि विचारलं, "हे काय केलंत?"

"त्याला सांगितला," नाना म्हणाला. चेहऱ्यावर ना लाज, ना भीती, ना डाव.

तो चेहरा मी पाहिला. आधी बग, मग बोल, हे ज्यानं मला शिकवलं त्याचाच चेहरा मी पाहिला आणि मला त्यात निर्लज्जपणा दिसला. बुधवारी बोटी आल्याच नाहीत. त्याच संध्याकाळी मी चार ओळी लिहिल्या. चौथ्या ओळीत नाव घातलं. वाचून कोणाला दाखवलं नाही, कारण ज्याला दाखवायचं तो त्यातच होता.

वाडीची बैठक बसली. खडक भिकूकडे गेला. नानाला दोरावर घ्यायचं नाही, असंही ठरलं, आणि हे आमच्याकडे आजवर कोणाच्या बाबतीत झालेलं नाही. दारुड्यालाही दोर नाकारत नाहीत. नाना रोज सकाळी किनाऱ्यावर यायचा तो येतच राहिला. दोराशी जाऊन उभा राहायचा. माणसं सरकून जागा बंद करायची. तो दुसऱ्या दोराशी जायचा. तिथेही तेच. मग तो खडकावर चढायचा, आणि भिकू त्याला खाली उतरवायचा, कधी हातानं, कधी शिवी देऊन. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. लोक म्हणाले, काय निगरगट्ट माणूस आहे. मीही म्हणाले.

पंधराएक दिवसांनी सुमनकाकी माझ्या घरी आली. हातात माझं पत्रक, घड्या पडलेलं. मला वाटलं भांडायला आली. ती पायरीवर बसली.

"तू शिकलेली हायस, म्हणून विचारतंय," ती म्हणाली. "हा फितूर झाला असता तर मला कळला असता ना? फितूर माणूस घरात नजर चुकवतो. हा चुकवत नाय. सरळ बघतो माझ्याकडं. पन मी दिसत नाय त्याला."

तिनं पत्रक उलगडलं आणि परत घडी घातली.

"माझा भाऊस गेला, फोन आला, मी रडत व्हते. हा समोर बसून मला म्हनतो, चहा कधी करतेस. रागानं नाय गो. रागानं म्हनाला असता तर मी भांडले असते. तुझ्या कागदातला खरा असता ना, तर मला बरा वाटला असता. माणूस वाईट झाला असता, पन असता तरी."

मग ती म्हणाली, "डॉक्टरकडं न्यायचा हाय. माझ्याबरोबर कोण यायला तयार नाय."

मी गेले. पुण्य म्हणून नव्हे. जायचं नाही असं म्हणायला मला तोंड नव्हतं.

पहिल्या डॉक्टरनं नाडी बघितली आणि वय झालं म्हणाला. दुसऱ्यानं झोपेच्या गोळ्या दिल्या. नाना दोन दिवस झोपला आणि तिसऱ्या दिवशी किनाऱ्यावर गेला. आमच्या जिल्ह्यात मेंदूचा डॉक्टर शोधणं म्हणजे काय, ते ज्याच्या घरात माणूस हरवलाय त्यालाच माहीत. शेवटी कोल्हापूर. घाट चढून, एसटीत नानाला खिडकी देऊन. वाटेत त्यानं पुढच्या सीटवरच्या बाईच्या डब्यातली पोळी उचलली. सुमनकाकीनं बाईच्या पाया पडायला हात पुढे केले. बाईनं डबाच दिला. जगात अशीही माणसं आहेत, हे नोंदवून ठेवते, कारण पुढे फार भेटली नाहीत.

तिथल्या डॉक्टरीणबाई शांत होत्या. त्यांनी नानापुढे पत्त्यांसारखी कार्डं ठेवली. कार्डांवर वेगवेगळ्या रंगांचे आणि आकारांचे ठसे. हातातलं कार्ड जुळणाऱ्या कार्डाखाली ठेवायचं. कसं जुळवायचं ते बाई सांगणार नाहीत, फक्त बरोबर किंवा चूक एवढंच म्हणणार. नानानं रंग जुळवले. बरोबर, बरोबर, बरोबर. नाना खूश. मग बाईंनी न सांगता नियम बदलला. नानानं लाल कार्ड लालखाली ठेवलं. "चूक." पुन्हा रंग. "चूक." पुन्हा. चार-पाच वेळा झाल्यावर नानानं मान वर केली आणि स्पष्ट म्हणाला, "आता रंग नाय. आता आकार बगायचा." आणि लाल कार्ड लालखाली ठेवलं.

आवाज खाडीकडे, हात सुरूकडे.

मेंदूचा फोटो काढला. बाईंनी कपाळामागचा भाग दाखवला. तिथे मेंदू आक्रसला होता, मधे काळी जागा पडली होती. त्या म्हणाल्या, "आठवण, बोलणं, चालणं हे दुसऱ्या भागांत असतं, ते ह्यांचं बरंचसं शाबूत आहे. कपाळामागचा भाग वेगळं काम करतो. परिस्थिती बदलली की चालू असलेली गोष्ट थांबवायची आणि दुसरी धरायची, ते तो करतो. समोरच्याच्या चेहऱ्यावर काय आहे ते ओळखून स्वतःला आवरायचं, तेही तोच. लाज, भीती, माया जिथे उमटते त्या खोलवरच्या भागांशी तो धाग्यांनी बांधलेला असतो. ते धागे झिजतायत. म्हणून ह्यांना नियम कळतो, पण हात वळत नाही. तुम्ही रडताय हे दिसतं, पण त्याचं पुढे काही होत नाही."

सुमनकाकी फोटोकडे बघत होती. ती म्हणाली, "म्हंजे होडी हाय, जाळा हाय, वडायला मानसं हायत. खडकावरला मानूसच गेला."

बाईंनी फोटो खाली ठेवला. मग म्हणाल्या, "हो. अगदी तसंच."

"परत येल?"

"नाही."

ह्यावर औषध नाही, हे मी समजू शकते. समजू शकत नाही ते पुढचं. मदत मिळावी म्हणून अपंगत्वाचा दाखला काढायला गेलो. तपासणाऱ्यानं नानाला नाव विचारलं, वार विचारला, जिल्हा विचारला. नानानं सगळं बरोबर सांगितलं. हात वर करायला लावले, चालायला लावलं. "ह्यांना काय झालंय?" तो म्हणाला. मी कोल्हापूरचे कागद पुढे केले. त्यानं वरवर चाळले. तेवढ्यात नाना वाकून त्याला म्हणाला, "तुझ्या नाकात केस लय हायत." त्यानं फॉर्मवर लिहिलं, वर्तन उद्धट. आणि परत दिला. जो आजार दाखवायला आम्ही गेलो होतो तो त्यानं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला, आणि गुन्हा म्हणून नोंदवला. मी तिथे आरडाओरडा केला. उपयोग झाला नाही. घरी येताना मला आठवलं, की मीही तेच केलं होतं, फक्त माझ्या प्रती जास्त होत्या.

मग मी दुसरं पत्रक काढलं. आजवर लिहिलेल्या सगळ्या पत्रकांत तेच एक मी न चिडता लिहिलं. त्यात लिहिलं, की वासूनानानं आपला बेत शत्रूला सांगितला, पण सगळ्यांच्या देखत सांगितला. फितूर माणूस असं करत नाही. फितूर माणसाला दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात, एक दाखवायची आणि एक लपवायची. कोण बघतंय ते बघावं लागतं, गप्प बसावं लागतं, वेळ साधावी लागते. हे सगळं काम कपाळामागच्या मेंदूचं आहे, आणि नानाचा नेमका तोच गेला आहे. आपल्या वाडीत फितूर होऊच शकणार नाही असा एकच माणूस आहे, आणि आपण त्यालाच दोरावरून काढलं. शेवटी लिहिलं, की आधीचं पत्रक खोटं होतं आणि ते मी लिहिलं होतं. खाली माझं नाव घातलं.

देवळाच्या मंडपात बैठक होती, तिथे मी ते उभी राहून वाचलं. नाना बाहेर पायऱ्यांवर बसला होता, सुमनकाकी त्याच्या बाजूला. वाचून झालं. मग भिकू म्हणाला, "वार सांगतो, तारीख सांगतो. मेंदूला काय धाड भरलीय?"

"वार सांगणारा मेंदू वेगळा, भिकू."

"असे किती मेंदू असतात एका मानसाला?"

हशा झाला. मग शिवराम उठला. हाच तो शिवराम, माझ्या वाईट वाक्यांवर नाना ज्याला उठवून घरी पाठवायचा. शिवराम शांतपणे म्हणाला, "बाय, आधी म्हनालीस विकला. आमी मानला, तू शिकलेली म्हनून. आता म्हनतेस आजार. उद्या काय म्हनशील? एक कायतरी ठरव आणि मग ये." आणि तो खरोखरच उठून गेला. त्याच्यामागे दोघं-तिघं आणि गेले.

त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही. लोक बदलायला तयार नव्हते आणि त्यांच्या मेंदूला काही झालेलं नव्हतं. पहिल्या कागदानं त्यांना एक गोष्ट दिली होती. ती रापणीच्या रिकाम्या जाळ्याला, न आलेल्या बोटींना, सगळ्याला पुरत होती. दुसरा कागद ती काढून घेत होता आणि बदल्यात देत काय होता, तर ज्याला दोष देता येणार नाही असं दुखणं. बैठकीनं ठराव मागे घेतला नाही. पुढे बघू म्हणाले.

पुढे बघायची वेळ आली नाही. आठवड्याभरात नानानं किनाऱ्यावर एका बाईच्या टोपलीतली कोळंबी उचलली, आणि तिच्या मुलानं नानाच्या थोबाडीत मारली. नाना गाल चोळत उभा राहिला आणि टोपलीतून कोळंबीची दुसरी मूठ उचलली. तेव्हा त्या मुलानं पुन्हा मारली. सुमनकाकी धावत गेली तोवर चार वेळा झालं होतं. बघणारे होते. मी नव्हते, पण असते तर बघणाऱ्यांतलीच एक, माझ्याच कागदानं तयार केलेली.

काकीनं घराला कुलूप लावलं आणि नानाला घेऊन मुलीकडे गुहागरला गेली. मी जयगडच्या फेरीबोटीपर्यंत सोडायला गेले. धक्क्यावर काकी म्हणाली, "हितं लोकांना तो म्हाईत हाय, म्हनून मारतात. तिथं कोणाला म्हाईत नाय. बरा पडल."

दोन महिन्यांनी मी गुहागरला गेले. दोन्ही पत्रकं बरोबर घेतली. वाडीत माझं कोणी ऐकलं नव्हतं, पण ज्याच्याविषयी लिहिलं त्याला तर अजून मी काहीच सांगितलं नव्हतं. त्याच्या बायकोशी बोलले, डॉक्टरशी बोलले, वाडीशी बोलले, त्याच्याशी नाही. सगळे त्याच्याविषयीच बोलतात, त्याच्याशी कोणी बोलत नाही, हेही त्या आजारातच मोडत असावं.

मुलीच्या घरामागे पोफळीची वाडी आहे. तिथे सावलीत बाकावर नाना बसला होता. अंगानं सुटला होता. दाढी गुळगुळीत, काकी करते रोज. तिनं त्याच्या मांडीवर सुपाऱ्या ठेवल्या होत्या, सोलायला. ती बाजूला तांदूळ निवडत होती. मी समोर दगडावर बसले आणि दोन्ही कागद वाचले, आधी पहिला, मग दुसरा. त्यानं पूर्वीसारखे डोळे मिटले नाहीत, बोट वर केलं नाही. माझ्याकडे बघत राहिला.

"चांगला लिवलंस," तो म्हणाला. "दोनी."

"नाना, पहिला खोटा होता. तुमचं नाव घातलं मी. त्याच्यामुळे तुम्हाला दोरावरून काढलं."

"व्हय. काढला." हे त्याला आठवत होतं. त्याला सगळं आठवत होतं.

"माझं चुकलं."

तो सुपारी सोलायला लागला. मी विचारायला नको होतं, पण मी विचारलं, "माझ्यावर रागावलात?"

त्याचे हात थांबले. अवघड हिशेब घातल्यासारखा त्यानं विचार केला. मग काकीकडे वळला. "रागवायचा काय गो?"

काकीनं तांदळातून मान वर केली. माझ्याकडे बघितलं, बराच वेळ. इतके महिने तिनं मला दोष देणारा एक शब्दही काढला नव्हता.

"व्हय," ती म्हणाली. "रागवायचा."

"बरा," नाना म्हणाला. मग माझ्याकडे वळून सांगितलं, "रागावलंय."

आणि पुन्हा त्यानं काकीच्या तोंडाकडे बघितलं, बरोबर म्हटलं का ते विचारायला. काकीनं मान हलवली.